शेकरूची शेपूट: हातकामाच्या कार्डांची वही, जून ते नोव्हेंबर २०२४

१६ जून २०२४, रविवार

हिशेब आणि गोंधळ, दोन्ही आजपासून याच वहीत. गेल्या दिवाळीत घरच्यांसाठी म्हणून वीस कार्डं केली होती, त्यावर सात जणांनी "विकत देशील का" विचारलं. सात जणांच्या जोरावर धंदा सुरू होत नाही हे मला कळतं. मावशीला कळत नाही, म्हणून तिने पाच हजार रुपये टेबलावर ठेवले. "बुडाले तर बुडाले, पण कुठे बुडाले ते लिहून ठेव." बत्तीस वर्षं शाळेत हजेरीपट भरलेली बाई.

विषय प्राणी. पांडा आणि पेंग्विन नाहीत, ते कुठल्याही दुकानात वीस रुपयांत मिळतात. आपल्याकडचे घ्यायचे: शेकरू, पिंगळा, गाय-वासरू आणि घरातली मांजर. लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर, कोरून हाताने छापायचं. शेवटची तारीख वसुबारस, म्हणजे २८ ऑक्टोबर. धंद्याला नाव नाही. मावशीने तीन सुचवली, तिन्ही पाळणाघराची वाटतात.

२३ जून, रविवार

काल शिवाजीनगरला हातकागद संस्थेत जाऊन कागद आणला. १९४० सालापासूनची जागा आहे. सुती कापडाच्या चिंध्यांपासून कागद करतात, त्यामुळे हाताला तो कापडासारखाच लागतो. २५० जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचे, १६ ताव, ताव ५६ रुपयांना.

तावाचा आकार २२ बाय ३० इंच. जेवणानंतर मावशी आणि मी जमिनीवर बसून कापणीचं गणित सोडवलं. घडी घातलेलं कार्ड ४ बाय साडेपाच घेतलं तर उघडं ८ बाय साडेपाच होतं. २२ इंचांच्या बाजूला साडेपाचाचे बरोबर चार बसतात, ३० इंचांच्या बाजूला आठाचे तीन. झाली बारा. खाली सहा इंचांची पट्टी उरते, तिच्यात कार्ड आडवं फिरवलं की आणखी दोन. एका तावात चौदा, म्हणजे कार्डामागे कागद चार रुपये! शेवटी सहा बाय सहाचा एक चौकोन उरतो, त्याची भेटवस्तूंना बांधायची लेबलं होतील. तावाची खडबडीत कड काही कार्डांना एका बाजूने येते. ती तशीच ठेवायची. माझ्या मते हातकागदात अर्धी गंमत त्या कडेचीच आहे. मावशीला ती उंदराने कुरतडल्यासारखी वाटते.

२ जुलै, मंगळवार

चारही प्राण्यांची रेखाटनं झाली. कोनराड लोरेन्झने १९४३ साली मांडून ठेवलं आहे की बाळ आपल्याला बाळ का वाटतं: अंगाच्या मानाने मोठं डोकं, उंच कपाळ, खाली सरकलेले मोठे डोळे, गुबगुबीत गाल, आखूड हातपाय. बाजारातली सगळी गोंडस चित्रं याच हिशेबाने काढलेली असतात. मीही काढली.

मावशीने चारही कागद ओळीने मांडले. "ही सगळी एकाच आईची पोरं आहेत. यातलं शेकरू कुठलं?"

शेपूट असलेलं, मी म्हटलं. तिने शेपटीवर बोट ठेवलं. "आता?"

आता कुणीच नव्हतं.

९ जुलै, मंगळवार

फेब्रुवारीत भीमाशंकरला काढलेले फोटो पुन्हा उघडले. शेकरू आपला राज्यप्राणी, आणि भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी. पाठ तांबूस, पोट फिकट, शेपटीचं टोक उजळ. डोळे मोठे नाहीत, साधे काळे मणी आहेत. पण बसायची तऱ्हा बघावी. मागचे दोन पाय फांदीवर रोवलेले, पुढच्या दोन हातांत फळ, आणि तोल सांभाळायला मागे लोंबणारी शेपूट. ही शेपूट अंगाएवढी, कधी अंगाहून लांब. आमच्या अंगणातली खार तिच्यापुढे टाचणी.

चार इंच रुंदीत हे सगळं मावेना. शेकरू लहान केलं तर खार दिसते, शेपूट वळवून वर घेतली तर गोष्टीच्या पुस्तकातली परदेशी खार दिसते. आठ वेळा काढलं. नवव्या वेळी शेपूट कागदाबाहेर जाऊ दिली. मग सुचलं की बाहेर कुठे जाते? घडीवरून मागच्या पानावर जाते. पुढे शेकरू फळ खात बसलंय, शेपूट कार्डाच्या कण्यावरून, म्हणजे घडीवरून, वळून मागे जाते आणि मागच्या पानावर खाली फिक्या टोकाने संपते. म्हणजे कार्ड उलटं केल्याशिवाय प्राणी पुरा होत नाही.

मागच्या बाजूला खाली आपलं नाव छापतात. तिथे आता शेपूट आहे. नाव तसंही ठरलेलं नाही.

१४ जुलै, रविवार

लिनो कोरताना चित्र उलटं लागतं, हे मी भाच्याला दोन वेळा समजावून सांगितलं आणि स्वतः सरळ चित्र कोरलं. चाचणी छापली तर शेकरू डाव्या पानावर, शेपूट उजव्या. घडी घातली की पुढे नुसती शेपूट. कार्ड दुसऱ्या अंगाने दुमडलं तर शेकरू पुढे येतं, पण मग ते उर्दू पुस्तकासारखं उजवीकडे उघडतं. चार तासांची कोराई वाया. आता ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलने काढायचं, तो कागद लिनोवर पालथा घालून घासायचा, चित्र आपोआप उलटं उतरतं. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि करणं यात चार तास गेले.

आतल्या मजकुराचा वेगळा ठोकळा केला, "हार्दिक शुभेच्छा". देवनागरी उलटी कोरणं म्हणजे वेलांट्यांशी कुस्ती. इथे उलटं बरोबर केलं. दाखवायला नेलं तर मावशी चष्मा न लावताच म्हणाली, "हार्दिकमधली दि ऱ्हस्व." मी दीर्घ कोरली होती. लिनोवर खोडरबर चालत नाही. दुसरा ठोकळा.

२१ जुलै, रविवार

आज गुरुपौर्णिमा. मावशीच्या पाया पडले, गेल्या आठवड्यातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक माफ झाली की नाही ते कळलं नाही.

छपाईची पद्धत: एकाच ठोकळ्यावर तीन रंग. आधी जे पांढरं राहायचं ते कोरून काढायचं आणि सगळ्या कार्डांवर फिका पिवळा छापायचा. मग त्याच ठोकळ्यावरून पिवळं राहायचं तेवढं कोरून काढायचं आणि तांबूस छापायचा. मग पुन्हा कोरून गडद तपकिरी. ठोकळा प्रत्येक रंगाला झिजत जातो. लिनो एकच लागतो, स्वस्त पडतं, आणि रंगावर रंग बसल्यामुळे शेपटीला जी ऊब येते ती दुसऱ्या कशाने येत नाही.

यंत्र नाही. कागद जाड, त्यामुळे वाटीच्या बुडाने घासून शाई नीट उतरत नाही. मी ठोकळा जमिनीवर ठेवून, वर कागद, वर पोळपाट ठेवला आणि पोळपाटावर उभी राहिले. छाप सुरेख आला. मावशीने पाहिलं. पुढचं लिहीत नाही. आता जुना ड्रॉइंग बोर्ड वापरते.

शाई छापखान्यात मिळणारी ऑफसेटची, तेलातली. ती हवेतला प्राणवायू घेऊन वाळते, आणि या हवेत तिला घाई नाही. पहिला रंग शुक्रवारी छापला, आज बोट लावलं तर अजून उमटतोय. दोरीवर चिमट्यांनी सत्तर कार्डं लटकली आहेत आणि खालून आपण वाकून जायचं. दुसरी गोष्ट, कागद दमट हवेत फुगतो. शुक्रवारी काटकोनात बसवलेलं कार्ड आज एका बाजूने केसभर मोठं आहे. छपाईत ज्याला रंग हलला म्हणतात तो इथे पावसाने हलवला.

मांजरीबद्दल सगळे विचारतात, ओल्या शाईवर पंजे उमटले का. नाही. ती फक्त कागदाच्या गठ्ठ्यावर झोपते. तिचे केस रोलरला लागतात आणि प्रत्येक केसाची एक पांढरी रेघ छापात येते. कपड्यांचा चिकट रोलर आणला, रोज सकाळी आधी मांजर, मग गठ्ठा.

२५ जुलै, गुरुवार

मुठेला पूर. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्याच्या बाजूला सोसायट्यांत शिरलं. आमच्याकडे वीज गेली एवढंच. चुलतभावाच्या घरात गुडघाभर पाणी, ती चौघं इकडे आली. कार्डं माळ्यावर. काम नाही.

६ ऑगस्ट, मंगळवार

पोस्टात जाऊन वजन केलं. आधीच करायला हवं होतं. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत पाच रुपये, त्यापुढे दर २० ग्रॅमला आणखी पाच. गेल्या वर्षीची माझी मोठी कार्डं, तीनशे जीएसएमची, ए-४ दुमडलेली, कागदच जवळपास १९ ग्रॅम. लिफाफ्यात घातलं की दहाचं तिकीट. आणि सगळ्यांनी पाचचंच लावलं असणार, कारण मीही पाचचंच लावलं होतं. ज्यांना पोचली नाहीत त्यांना मी उगाच विसरभोळे ठरवलं.

नवं कार्ड लिफाफ्यासकट १२ ग्रॅम. फोमची टेप लावून शेकरू उठावदार करायचा बेत होता, तो रद्द. टेपने कार्डं जाड होतात, पोस्टाच्या शिक्क्याखाली दबतात, आणि हातकागद मुळातच छान आहे, त्यावर मखर कशाला?

स्पीड पोस्टला आत्ता, ऑगस्ट २०२४ मध्ये, ५० ग्रॅमपर्यंत कर धरून ४१ रुपये ३० पैसे, गावातल्या गावात १७.७०. ५० ग्रॅमांत तीन कार्डं आणि बाहेरचा लिफाफा बसतो. म्हणजे तीनचा संच विकायचा. खिडकीवरच्या बाईंनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि मागे शेपूट दिसल्यावर शेजारच्या खिडकीला दाखवलं. ही पहिली जाहिरात.

११ ऑगस्ट, रविवार

शेकरू पूर्ण. ७० पैकी ६४ चांगली.

आधी छापून मग घडी घातली तर कण्यावर शाई तडकते आणि शेपटीच्या मधोमध पांढरी चीर पडते. म्हणून आधी घडीची रेघ मारायची, रिकाम्या बॉलपेनने, पट्टीला धरून. मग छापायचं, पूर्ण वाळलं की दुमडायचं. वाया गेलेल्या सहांपैकी चार याच कारणाने.

किंमत ठरवली ६० रुपये. कागद ४, लिफाफा साडेतीन, शाई आणि किरकोळ दोन-अडीच. बाकी सगळे माझे हात. कोराई सात तास, छपाई सहा, घडी आणि भरणं दोन. ६४ कार्डांना १५ तास, म्हणजे एकाला साधारण १४ मिनिटं. एका दुकानात नमुना दाखवला. मालकांना आवडलं, पण चाळीस टक्के त्यांचे आणि पैसे माल खपल्यावर. म्हणजे माझ्या हाती ३६ रुपये, दिवाळीनंतर कधीतरी. नमस्कार करून आले.

सीए असलेल्या मैत्रिणीने विचारलं, जीएसटीचं काय. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. ६० रुपयांच्या कार्डाने तिथे पोचायला ६६ हजारांवर कार्डं लागतील. रोज आठ तास बसले तर सव्वापाच वर्षांच्या वर. तूर्त काळजी नाही.

२ सप्टेंबर, सोमवार

पोळा. बैलाचं कार्ड करायला हवं होतं हे पोळ्याच्या दिवशी सुचलं. पुढच्या वर्षी. नागपूरकडे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोरं लाकडी बैल ओढत घरोघरी जातात. चाकांवरचा बैल. याची नोंद ठेवते.

गाय-वासराचं रेखाटन मावशीने नापास केलं. मी काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची गाय काढली होती. "ही दुधाच्या पिशवीवरची. वसुबारसेला हिची पूजा कोण करणार? हिला वशिंड कुठे आहे?" मावशीचं माहेर माण तालुक्यातलं, त्यांच्या दावणीला खिलार. मग तीच सांगत बसली आणि मी काढत बसले. पांढरी गाय, वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी, मागे झुकलेली लांब शिंगं, निमुळतं तोंड. मी वासराचे डोळे मोठे केले, ते तिने खोडायला लावले. "वासरू डोळ्यांनी गोड नसतं. ते पायांनी गोड असतं. उभं राहिलं की चारी पाय चार गावांना." तसं काढलं. पुढचे दोन पाय फाकलेले, मागचे गुडघ्यात आत वळलेले, आणि गाय त्याची पाठ चाटतेय.

त्या चित्राकडे बघून कळलं की जुलैतली माझी चार पोरं एकाच आईची का दिसत होती.

२२ सप्टेंबर, रविवार

पितृपक्ष. पक्ष सरेपर्यंत खरेदी नाही, त्यामुळे प्रदर्शनंही नाहीत. कोरायला मोकळा वेळ.

पिंगळा झाला. आमच्या गल्लीतल्या जुन्या पिंपळाच्या ढोलीत एक जोडी आहे. वीतभर उंचीचा पक्षी, पिवळे डोळे, आणि संशय आल्यावर डोकं खालीवर हलवत बघण्याची तऱ्हा अगदी सोसायटीच्या सेक्रेटरीसारखी. याच्या बाबतीत मोठ्या डोळ्यांचा नियम खरा आहे, कारण त्याचे मुळातच तसे आहेत. दोघे एका फांदीवर खेटून बसलेले, एक आपल्याकडे बघतोय, एक डुलकी काढतोय. माझ्या मते चारांतलं हे सर्वांत चांगलं काम.

मावशी म्हणाली, चित्र छान आहे, खपायचं नाही. "दिवाळीला घुबड?" मी म्हटलं, लक्ष्मीचं वाहन. "ते बंगाल्यांकडे. आपल्याकडे घुबड घरावर बसलं की हाकलतात." मग थोड्या वेळाने तीच म्हणाली, तिच्या लहानपणी पहाटे दारावर पिंगळा यायचा, हातात कंदील आणि कुडमुडं, पक्ष्यांची भाषा कळते म्हणायचा आणि घराचं भविष्य सांगायचा. सुपातून धान्य घालायचे त्याला. म्हणजे पक्ष्याची बोली शुभ आणि पक्षी अशुभ? तिच्याकडे उत्तर नव्हतं. ४५ छापली.

मांजरीची ४०, गाय-वासराची ५० तयार. मांजर गठ्ठ्यावर झोपलेली, जशी आहे तशी.

६ ऑक्टोबर, रविवार

दोन दिवसांचं प्रदर्शन संपलं. एका शाळेचा हॉल, टेबलाचं भाडं २५०० रुपये. एका बाजूला अगरबत्त्या, दुसऱ्या बाजूला पैठणीच्या पर्सेस. नववीतला भाचा गल्ल्यावर.

शनिवारी सकाळी तीन तासांत चार कार्डं. लोक हातात घेतात, "किती गोड" म्हणतात, ठेवतात आणि पुढे जातात. एका काकांनी सरळ विचारलं, "आता कार्ड कोण पाठवतं? व्हॉट्सॲपवर फुकट जातं." त्यांना मी तरी काय सांगणार, माझ्या मोबाइलमध्येही तशीच येतात.

दुपारी भाच्याने न विचारता एक गोष्ट केली. शेकरूची सगळी कार्डं पालथी मांडली. टेबलावर नुसत्या शेपट्या, वळणदार, फिक्या टोकाच्या, एकीखाली एक. येणारा माणूस थांबतो, हे काय म्हणून उचलतो, उलटं करतो, आणि मग हसतो. हसलेला माणूस कार्ड परत ठेवत नाही. आज दुपारी बारापर्यंत शेकरू संपलं. ५४ होती, ५४ गेली. (दहा आधीच नमुन्यांना आणि घरच्यांना दिली होती, आता हळहळ.)

गाय-वासरू ३१, मांजर २२, पिंगळा ७. मावशी काही बोलली नाही, फक्त सातवर पेनाने गोल केला. पिंगळा उचलून एक बाई म्हणाल्या, "गोड आहे हो, पण दिवाळीत नको." विकत घेतला तो सगळा कॉलेजच्या मुलांनी, कुठल्याच सणासाठी नाही. एकीने सांगितलं, रात्री जागून अभ्यास करणाऱ्या मैत्रिणीला देणार. हे मला का सुचलं नाही?

एकूण ११४ कार्डं, ६८४० रुपये.

७ ऑक्टोबर, सोमवार

आमच्या मागच्या गल्लीत एक काकू दिवाळीचा फराळ करून देतात. त्यांचे डबे अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पार्सलने जातात, आणि ते आत्तापासून निघतात, दिवाळीच्या आठवड्यात नाही. त्या प्रदर्शनात येऊन गेल्या होत्या. सकाळी फोन. "प्रत्येक डब्यात एक टाकायचं म्हणते. दीडशे शेकरू पंधरा तारखेपर्यंत द्याल का?"

हो म्हणून बसले. मग ठोकळा काढून पाहिला. त्यावर आता फक्त शेवटचा रंग शिल्लक आहे: कान, डोळा, पंजे आणि शेपटीतल्या काही रेघा. बाकीचं शेकरू मी जुलै-ऑगस्टमध्ये स्वतःच कोरून केरात टाकलं आहे. एकाच ठोकळ्यावर तीन रंग काढायच्या पद्धतीत हेच असतं, मागे जाता येत नाही. स्वस्त पडतं म्हणून लिहिलंय वर. तेही खोडत नाही.

काकूंना फोन करून विचारलं, गाय-वासरू चालेल? "नाही हो, परदेशातल्या मुलांना ती शेपूटच हवी."

भाव: त्या ३५ म्हणत होत्या, मी ४५. चाळीसवर ठरलं.

९ ऑक्टोबर, बुधवार

तीन रंगांचे तीन वेगळे ठोकळे करतेय. शेवटच्या रंगाचा जुना ठोकळा आहे, त्याचाच फायदा घेतला. तो प्लॅस्टिकच्या पारदर्शक कागदावर छापला, ती ओली छाप दोन नव्या लिनोंवर उतरवली, त्यामुळे तिन्ही एकमेकांशी तंतोतंत जुळतात. कोरताना आता काहीच फेकायचं नाही. हे ठोकळे पुढच्या वर्षीही चालतील.

हातकागद संस्थेतून आणखी १२ ताव. चौदाने १६८. अकरा ताव घेतले असते तर १५४ झाली असती, म्हणजे चुकायला फक्त चार. माझा स्वभाव बघता बारा.

दुसरी अडचण तेलाची. सोमवारीच एक कार्ड चकलीच्या डब्यात घालून पाहिलं होतं, दोन दिवसांत कोपरा पारदर्शक. आता कार्ड लिफाफ्यात, लिफाफा बटर पेपरमध्ये, आणि ते सगळं प्लॅस्टिकच्या पाकिटात. काकू म्हणाल्या, डब्याच्या वर चिकटवू, आत नको. त्यांना पहिल्यापासून तेच म्हणायचं होतं.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

दोन रंग झाले, तिसरा राहिला आहे, तीन दिवस उरले आहेत, आणि माझ्या पटाश्या देव्हाऱ्यात आहेत. काल रात्री मावशीने मागून घेतल्या. रोलर, कटर, पट्टी, सगळं पाटावर मांडून हळदकुंकू आणि आपट्याची पानं. आज हत्याराला हात लावायचा नाही. मी डेडलाइन म्हटलं, ती म्हणाली, "उद्या हात कापला म्हणजे?"

खरं म्हणजे दुसरा रंग काल रात्री संपला आणि त्याला वाळायला एक दिवस लागणारच होता. हे मावशीला सांगितलेलं नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात शाई चोवीस तासांत वाळते. जुलैत चार दिवस घेत होती.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

१६८ पैकी १५५ चांगली. दीडशे सकाळी अकराला काकूंकडे पोचती. रोख सहा हजार आणि अनारसे. तीन ठोकळ्यांच्या छापात जुलैतली ती ऊब थोडी कमी आहे. जोडलेल्या कडा डोळा लावून पाहिलं तर दिसतात. कुणी डोळा लावून बघणार नाही, पण मला माहीत आहे.

२८ ऑक्टोबर, सोमवार, वसुबारस

मावशीचा उपास, गहू आणि मूग बंद. गाय-वासराची १६ कार्डं या आठवड्यात फोनवरून गेली, मांजरीची ८. संध्याकाळी पलीकडच्या गोठ्यात पूजेला गेलो. मावशीने उरलेल्यातलं एक कार्ड तिथल्या गवळीदादांना दिलं. त्यांनी नीट निरखून पाहिलं. "खिलार आहे," म्हणाले, आणि मग, "वासराचा मागचा पाय बरोबर काढलाय." ती घरी येईपर्यंत सरळ बघतही नव्हती, इतकी खूश.

१० नोव्हेंबर, रविवार

हिशेब. जमा: प्रदर्शन ६८४०, फराळवाल्या काकू ६०००, नंतरची २४ कार्डं १४४०. एकूण १४,२८०. खर्च: २८ ताव १५६८, लिफाफे १२३९, लिनो, शाई आणि हत्यारं ३१५०, टेबलभाडं २५००, बटर पेपर, पाकिटं, तिकिटं ६४०. एकूण ९०९७. उरले ५१८३. मावशीचे पाच हजार वेगळे काढून परत दिले, तिने ते पुन्हा टेबलावर ठेवले.

तास मोजले, साधारण ११८. तासाला ४४ रुपये पडले. वाया गेलेला पहिला ठोकळा यात धरलेला आहे, मांजरीचे केस काढण्याचा वेळ नाही.

पिंगळ्याची ३८ शिल्लक. फेब्रुवारीत, बारावीच्या परीक्षेआधी, पुन्हा काढायची. आत मजकूर वेगळा: "जागा आहेस ना?"

काकूंनी आज एक फोटो पाठवला, त्यांच्या न्यू जर्सीच्या गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरातला. आपलं शेकरू फ्रिजवर. पण दुमडलेलं नाही. कार्ड पूर्ण उघडून, सपाट करून, चारी कोपऱ्यांना चुंबकं लावली आहेत. कारण तसं लावलं तरच प्राणी शेपटीसकट एका वेळी दिसतो. म्हणजे आतला "हार्दिक शुभेच्छा", दोनदा कोरलेला, ऱ्हस्व दि असलेला, फ्रिजच्या दाराकडे तोंड करून आहे.

मावशीला फोटो दाखवला. तिने मोठा करून पाहिला, मग विचारलं, चुंबकं घाऊक कुठे मिळतात.